ताटलीवर ठेवलेला आवाज

बिनतारी चार्जिंगच्या ताटलीला चांगली दोन हात लांब तार असते, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. माझ्या धाकट्या पुतण्यानं ती पुण्याहून आणली, खोक्यातून काढली, करमाडच्या घरातल्या टेबलावर मांडली आणि मग तो टेबलाखाली वाकून काहीतरी शोधू लागला.

"काय हरवलं रे?" मी विचारलं.

"प्लग कुठंय इथं?"

"बिनतारी आहे ना ती?"

"काका, ताटलीला तार लागतेच. टॅबला लागत नाही."

म्हणजे तार गेलेली नव्हती, एक पायरी मागं सरकली होती. आपल्याकडच्या बऱ्याच सुधारणा अशाच होतात. चौकातलं पाणी पुढच्या चौकात तुंबवतात आणि मध्ये फीत बांधून कापतात. पण तो पोरगा इतक्या उत्साहात होता की मी गप्प बसलो. तेव्हा बसायला नको होतं.

हे सगळं चाललं होतं माझ्या थोरल्या भावासाठी. दादा जन्मभर करमाडला शेती करत राहिला, मी शिकून शहरात आलो आणि कॉलेजात इतिहास शिकवला. बोलण्याची भाकरी मी खाल्ली, पण आवाज होता दादाकडं. शिवाराच्या या टोकाहून त्यानं हाक दिली की त्या टोकाचा माणूस हातातलं काम थांबवायचा. काही वर्षांपूर्वी त्याच्या घशात गाठ निघाली आणि स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. हात तर त्याआधीपासूनच कापायचा, त्यामुळं कागदावर लिहिलेलं त्याचं त्यालाही लागत नसे. मग दवाखान्यातल्या बाईंनी टॅबवर बोलायची युक्ती शिकवली. पडद्यावर मोठी मोठी अक्षरं असतात. त्यांवर बोट टेकवत वाक्य करायचं आणि शेवटी कर्ण्याच्या चित्रावर दाबायचं, की टॅब ते वाक्य मोठ्यानं वाचतो.

टॅबच्या आत एक बाई आहे. तिचं बोलणं बक्षीस समारंभात सूत्रसंचालन करणाऱ्या बाईसारखं. दादा लिहायचा, "लई शाणा हायेस, गप बस," आणि ती ते अशा गोड सुरात म्हणायची की ज्याला म्हटलं त्यानं उठून शाल घ्यावी. वहिनी सुरुवातीला फार वैतागली. म्हणाली, "इतकी वर्सं यांचं ऐकलं, आता हिचं ऐका. म्हातारपणी सवत आणून बसवली."

दादानं बोट टेकवत टेकवत उत्तर तयार केलं. बाई म्हणाली, "ती उलटून बोलत नाय."

त्या दिवशी वहिनी खूप दिवसांनी हसली. दादा पुन्हा भांडू शकत होता. माणूस घरात आहे याचा त्याहून मोठा पुरावा आमच्या खानदानात मानत नाहीत.

एकच अडचण होती. चार्जरची पिन बारीक आणि दादाचा हात थरथरता. ती पिन भोकात जाता जायची नाही, आजूबाजूला ओरखडे पडायचे. वहिनीला जवळचं नीट दिसत नाही. पुतण्यानं हे पाहिलं आणि ताटली आणली. त्याचा हेतू चांगला होता, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. थरथरत्या हाताला पिन खुपसण्यापेक्षा वस्तू नुसती ठेवणं सोपं, हा विचारही चुकीचा नाही. पण ज्याचा हात थरथरतो त्या माणसाला "तुला कसं सोयीचं पडेल?" असं विचारायला त्याच्याकडं फुरसत नव्हती. दादा समोर बसला होता, टॅब मांडीवर होता, त्यात ती बाई तयार होती. एक प्रश्न विचारायचा होता फक्त.

आणि टॅबला तर बिनतारी चार्जिंग येतच नव्हतं. फार थोड्या टॅबना येतं, हे पुढं कळलं. पुतण्यानं त्यावरही तोड आणली होती. ताटलीतली वीज झेलणारी एक पातळ पत्री त्यानं टॅबच्या पाठीला चिकटवली. तिची शेपटी वळवून चार्जिंगच्या भोकात घातली आणि वरून टणक कव्हर गच्च बसवलं. म्हणजे पिन घालायचं भोक आता कायमचं भरलेलं. "वायरची कटकटच मिटली," असं म्हणून त्यानं जुना चार्जरही उचलला आणि पुण्याला नेला. घरात पसारा नको म्हणून.

त्यानंतर दादा रोज दुपारपर्यंत मुका राहू लागला.

मला यंत्रातलं कळत नाही, पण पाणी भरणं कळतं. फोनची बॅटरी म्हणजे तांब्या, टॅबची म्हणजे रांजण. ताटली पळीनं पाणी घालते. तांब्या भरतो, रांजणाला रात्र पुरत नाही. बरं, पळीची धार बरोबर तोंडातच पडावी लागते. फोन तळहाताएवढा, त्याचा मध्य कुणालाही सापडतो. टॅब पाटाएवढा, त्याचा मध्य शोधायला पंचांग लागतं. दोन बोटं इकडं सरकला की रात्रभर नुसता पडून. त्यात करमाडची वीज. त्यात उन्हाळा, टॅब तापला की चार्जिंग आणखी हळू होतं. म्हणजे तहान लागली की पळी लहान.

पण खरा अन्याय वेगळाच होता. वायर होती तेव्हा दादा बाजेवर बसून, वायर लावलेली असतानाच बोलायचा. लांब वायर, बाजेशेजारी प्लग, अडचण काही नव्हती. आता टॅब ताटलीवर उताणा पडलेला. उचलला की चार्जिंग थांबलं. "चहा आण" म्हणायला उचलावा, तर संध्याकाळी नातवंडांशी बोलायला काही उरत नाही. दादा बाजेवर आणि त्याचा आवाज टेबलावर. मग त्यानं चमचा घेतला आणि बाजेच्या पायावर वाजवून बायकोला बोलवायला लागला. ज्या माणसाची हाक शिवार ओलांडायची तो चमचा वाजवतोय, हे पाहून माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी पुतण्याला फोन लावला.

"काका, रात्री ठेवायचा. सकाळी फुल."

"करमाडला रात्रभर वीज कोण ठेवतं?"

"हळूहळू सवय होईल त्यांना."

"सवय त्यांना का व्हावी? यंत्राला होऊ दे."

"काका, तुम्ही कायम नव्याला नावं ठेवता."

"ठेवतो. ठेवायचंच यंत्र आणलंयस तू."

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

तेव्हापासून मी एका शब्दावर अडून बसलो आहे. आपण फोन चार्जिंगला 'लावतो'. लावताना बोटाला कळतं की लागलं. दाराला कडी लागते, चुलीला जाळ लागतो, तसं. ताटलीवर मात्र वस्तू 'ठेवतात'. ठेवल्यानं काय झालं ते कुणालाच कळत नाही. फक्त आपण आपलं काम केलं असं वाटतं. देवापुढं नारळ ठेवतो, साहेबापुढं अर्ज ठेवतो, तसं. दुकानात भिंतीला टांगलेला, जागचा न हलणारा टॅब असेल तर ताटली खुशाल असावी. उभं धरून ठेवणारं, बघता-बोलता चार्जिंग करणारं स्टँड असेल तर त्याचाही विचार करू. पण जी वस्तू माणसाच्या मांडीवर असायला हवी तिला पाठीवर झोपवून ठेवणं, ही सोय नाही. सोयीचं सोंग आहे.

एवढ्यात दादाच्या नातीची सोयरीक जुळत आली. थोरल्या पुतण्याची ही मुलगी शेंद्र्याच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करते. मुलगा खुलताबादचा, शहरात नोकरीला. दोघं दोनदा भेटली होती, पसंती होती. पण त्यांच्याकडच्या माणसांसमोर नोकरीचा विषय निघाला की उत्तर यायचं, "बघू की, लग्नानंतर." हे 'बघू की' म्हणजे काय ते आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा.

खुलताबादच्यांना आणि करमाडच्यांना मधलं पडावं म्हणून बैठक पडेगावला माझ्या घरी ठरली. दादा आणि मंडळी आदल्या दिवशीच आली. संध्याकाळी गच्चीवर नातीनं आजोबाला गाठलं. मी शेजारीच होतो.

"आबा, पप्पा बैठकीत बोलणार नाहीत. त्यांचं तुम्हाला माहीतेय."

माहीत होतंच. थोरला पुतण्या असा की बैलालासुद्धा 'जरा सरकता का' म्हणेल.

"तुम्ही बोला," ती म्हणाली. "मी नोकरी सोडणार नाही, एवढंच. पण सुपारी फुटायच्या आधी बोला. नंतर बोललं की ते रडगाणं होतं."

तिचं खरं होतं. आमच्यात बैठकीत घरातल्या वडीलधाऱ्यानं बोलायचं असतं. सुपारी फुटली की लग्न पक्कं. त्याआधीचं बोलणं ती अट, आणि त्यानंतरचं ती तक्रार. दादानं टॅब उघडला. बाई म्हणाली, "बोलतो. काळजी नको."

मग वहिनीनं टॅब ताब्यात घेतला. पाहुण्यांसमोर तो टणक काळ्या कव्हरात न्यायचा, हे तिच्या मनाला पटत नव्हतं. आमच्या घरी रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, मिक्सरला झालर असते आणि फ्रिजच्या मुठीला रुमाल. वस्तू उघडीवागडी ठेवणं म्हणजे तिची आबाळ. वहिनीनं जुन्या काठपदराच्या लुगड्याचा, आत कापूस भरून गोधडीसारखे टाके घातलेला एक अभ्रा खास बैठकीसाठी शिवून आणला होता. टॅब त्यात घातला, तोंडाशी दोन टाके मारले आणि मोठ्या मायेनं सोबत आणलेल्या त्या ताटलीवर ठेवला.

"वहिनी, लावला का?" मी जाता जाता विचारलं.

"ठेवलाय भाऊजी. दिवा लागलाय की निळा."

दिवा लागला होता. मीही पाहिला. तो दिवा फक्त ताटलीला वीज मिळतेय एवढंच सांगतो, वर ठेवलेल्याला काही पोचतंय का ते सांगत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. कापसाच्या थराआड काही पोचत नव्हतं. वहिनीला मी दोष देत नाही. अंगावर कपडा घातला की जे काम सोडतं आणि वर दिवा लावून बसतं, त्या यंत्राला दोष देतो.

सकाळी पाहुणे आले. मुलाचे वडील, मुलगा, दोन-तीन भाऊबंद आणि दोन्हीकडच्या नात्यातला मध्यस्थ. मध्यस्थानं बसल्या बसल्या दोन्ही घराण्यांचा इतिहास सांगायला घेतला. मी नोकरीभर इतिहास शिकवला, पण आमच्या घराण्याला इतका आहे हे मला ठाऊक नव्हतं. मध्ये ताटात नारळ, पान, सुपारी. ताटाच्या एका बाजूला दादा, मांडीवर तो जरीकाठाचा अभ्रा. सकाळपासून त्यानं टॅब उघडला नव्हता. बोलायला पुरावं म्हणून.

"तर मग," मध्यस्थ म्हणाला, "शुभ कामाला उशीर नको."

दादानं हात वर केला. अभ्र्याचे टाके दातानं तोडले. सगळे थांबले. बोट हळूहळू फिरलं आणि बाई म्हणाली, "सुपारीच्या आदी येक बोलायचंय."

"बोला की आबा!" मुलाचे वडील म्हणाले.

दादा पुढचं लिहायला लागला. चार अक्षरं झाली असतील, पडदा काळा पडला. त्यानं दाबून पाहिलं, हलवून पाहिलं. काळाच.

मध्यस्थानं क्षणभर वाट पाहिली आणि दोन्ही हात जोडले. "आबांचा आशीर्वाद मिळाला! फोडा सुपारी."

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भाषणं तिखटमीठ लावून सांगितलेली ऐकली आहेत. पण न बोललेल्या भाषणाचा असा तात्काळ सारांश प्रथमच ऐकला. मुका माणूस म्हणजे राजी माणूस, असंच सगळ्यांनी धरलं. थोरला पुतण्या खाली बघत होता. आतल्या दाराशी नात उभी होती, तिचा चेहरा मला दिसत होता.

दादानं हात पुढं केला आणि सुपारीवर पंजा टाकला.

"आबा?" मध्यस्थ म्हणाला.

दादा हलला नाही.

"मी सांगतो त्याच्या मनातलं," मी म्हणालो. दादानं माझ्याकडं बघून जोरात मान हलवली, नाही म्हणून. वडिलकीचा मान त्याचा होता, आणि मी बोलायला लागलो की पहिली दहा मिनिटं प्रस्तावना असते, हेही त्याला माहीत होतं.

मुलानं आपला फोन पुढं केला. "याच्यावर लिहा आबा." दादानं दुसऱ्या हातानं प्रयत्न केला. अक्षरं ज्वारीच्या दाण्याएवढी. कापणाऱ्या बोटाखाली नुसते 'स' उमटत गेले, ओळभर. मध्यस्थानं वाकून पाहिलं. "शुभ शुभच लिहिलंय काहीतरी," तो म्हणाला.

मग मी उठलो. टॅब घेतला, अभ्रा काढला, टणक कव्हर सुरीनं उचकटलं, ती पत्री आणि तिची शेपटी ओढून टरकावली. वहिनी दारातून म्हणाली, "भाऊजी, मोडंल!" मी म्हणालो, "मोडू दे." माझा चार्जर आणला. त्याची वायर आखूड, आणि हॉलमधला एकच प्लग मोकळा होता, तो दाराजवळ, चपलांच्या मांडणीवर. तिथं टॅब लावला. खट् असा आवाज आला. इतका चांगला आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"आता?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"आता चहा," मी म्हणालो. "दुसरा."

दुसरा चहा झाला. घराण्यांचा इतिहास संपला होता, त्यामुळं बोलायला कुणाकडं काही नव्हतं. दादा सुपारीवर हात ठेवून बसून होता, जसा शेतात राखणीला बसायचा. बऱ्याच वेळानं दाराजवळ उजेड झाला. तो उठला, सुपारी मुठीत घेतली आणि जाऊन चपलांशेजारच्या स्टुलावर बसला. वायर काढायची नाही, असा त्यानं बोट दाखवून हुकूम केला. मग फेटे बांधलेल्या सगळ्या मंडळींना खुर्च्या वळवाव्या लागल्या. मानाची बैठक दाराकडं तोंड करून, चपलांसमोर बसली.

बोट फिरत होतं. घाई नव्हती. बाई म्हणाली, अगदी बक्षीस समारंभातल्या सुरात:

"पोरगी लग्नानंतर नोकरी सोडणार नाय. कबूल असंल तर सुपारी फोडू. नसंल तर जेवून जा. सैपाक झालाय."

कुणीतरी खोकलं.

"तसं काय नाय आबा," मुलाचे वडील म्हणाले. "बघू की, पुढं..."

बोट फिरलं. "पुढं नाय. आत्ता."

मुलगा बापाकडं बघत होता. मग तो दादाकडं वळला. "आबा, पाळी रात्रीची पण असते का?"

"तिला इचार," बाई म्हणाली.

हे आमच्या बैठकीत होत नाही. नात दारातून एक पाऊल आत आली. "असते," ती म्हणाली. "पाळ्या बदलत्या असतात. कंपनीची बस आणते, सोडते."

"बस चुकली तर?"

"तर तुम्ही यायचं घ्यायला."

आतून बायकांचं हसू ऐकू आलं. मुलाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "येईन," तो म्हणाला. मग बापाकडं बघून, "अण्णा, मला चालतंय."

अण्णांनी फेटा सारखा केला. एकदा मध्यस्थाकडं पाहिलं, एकदा छताकडं. मग खालमानेनं, जवळच्यालाच ऐकू जाईल असं पुटपुटले, "कबूल."

दादाचं बोट पुन्हा फिरलं. मी त्याच्या मागं उभा होतो, शब्द उमटताना मला दिसला. त्यानं कर्ण्यावर दाबलं.

"मोठ्यानं," बाई म्हणाली.

अण्णांनी घसा खाकरला. "कबूल!" ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की आतली भांडी थांबली.

दादानं मूठ उघडली. सुपारी घामानं ओली झाली होती.